पुसलं का तिला?

"तिलाच विचारा की!" असं मी ऐटीत म्हणालो आणि तिथंच फसलो.

सम्यका तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. तिला शाळेतून आणायचं काम बायकोचं. त्या दिवशी आमच्या दालमिलला सुट्टी होती, म्हणून मी हौसेनं गेलो. लातुरातली मिशनची शाळा. फाटकात फिकट निळ्या साडीतल्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या एक सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही हिचे कोण?" बापाला असं विचारतात होय? मी छाती पुढं काढून ते वाक्य फेकलं. सिस्टर वाकल्या. "समू, हे कोण हायेत?" सम्यका माझ्याकडं बघून गोड हसली आणि म्हणाली, "काका."

पोरीचं चुकलं नव्हतं. आमचं घर एकत्र. थोरल्या भावाची मुलं मला काका म्हणतात, म्हणून माझी मुलगीही मला काकाच म्हणते. बाबा म्हणजे माझा भाऊ! आपल्याकडं अशी घरं गल्लोगल्ली आहेत, पण हे भर उन्हात फाटकावर कसं समजावणार? मी म्हणालो, "सिस्टर, मी बाप आहे तिचा." त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरगी काका म्हणून राहिली, तुम्ही बाप म्हणून राहिले. मी पोरीचं ऐकणार. बाजूला थांबा भाऊ."

मी थांबलो. येणारेजाणारे पालक माझ्याकडं पोरं पळवणाऱ्याकडं बघावं तसे बघत होते. शेवटी बायको आली. माझ्याकडं ढुंकूनही न बघता सिस्टरना म्हणाली, "हाव सिस्टर, आमचेच आहेत. सोडा."

या सिस्टर लिओना, शाळेच्या मुख्याध्यापिका. मूळच्या मंगळूरकडच्या, घरची भाषा कोकणी. पण उमेदीची वर्षं हदगावच्या बाजूला काढली आणि मराठी तिथल्या आयाबायांकडून शिकल्या. त्यामुळं प्रार्थना पुस्तकी मराठीत आणि रागावणं अस्सल हदगावी. शाळा सुटली की शेवटचं पोर जाईपर्यंत फाटकातून हलायच्या नाहीत. चहा तिथंच, सह्याही तिथंच.

त्यांचं खरं वैर 'काका' या शब्दाशी होतं. व्हॅनवाले काका, कुल्फीवाले काका, दुकानवाले काका. "तुमच्या मराठीत अनोळखी माणूसच न्हाई का हो?" त्या विचारायच्या. "रस्त्यावरचा कोन्ताबी गडी दिसला की पोराला सांगता, काकाला टाटा कर. मग पोराला परका कळावा कसा?" त्यांच्या शाळेत व्हॅनवाले काका नव्हते, गफूरभाई होते. शिपाईमामा नव्हते, रावसाहेब होते. नाव माहीत नसेल त्या माणसाजवळ जायचं नाही.

मला हा जरा अतिरेकच वाटायचा. एकदा फाटकावर गाडी लावता लावता तसं बोललोही. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला. म्हणाल्या, "तिकडं एका खेड्यात एक पोरगी मला म्हणाली होती, काका त्रास देतात. मी पुसलं, कोन्ते काका? तिला नाव सांगता येईना. सगळेच काका होते तिला." चष्मा परत डोळ्यांवर चढला. "लई उशिरा सापडला तो." मी 'अतिरेक' हा शब्द पुन्हा काढला नाही.

त्यांचा दुसरा मंत्र होता 'पुसणं'. आमच्याकडं पुसणं म्हणजे विचारणं, आणि फडक्यानं पुसणं तेही पुसणंच. सिस्टरनी ही गंमत बरोबर हेरली होती. कुणी पाहुणा कौतुकानं एखाद्या पोराचा गालगुच्चा घेऊ लागला की मागून आवाज यायचा, "पुसलं का त्याला?" आणि पालकसभेत सांगायच्या, "पोराची पप्पी घ्यायची तर आधी पुसा. न्हाईतर ते मागून गाल पुसतं. बघा कधी नीट."

सम्यका दुसरीत असताना शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या मिलचे मालक ठरले. अख्खा आडत बाजार त्यांना काय म्हणतो? काका! सिस्टरनी आमंत्रणपत्रिकेवर त्यांचं पूर्ण नाव छापलं. बाजारात निम्म्या लोकांना वाटलं, कुणी दुसराच पाहुणा आहे. वर पाहुण्यांना गुलाब द्यायला मुलगी निवडली ती आमची सम्यका. काकांची खोड मला माहीत होती. लहान पोर दिसलं की उचलायचं, मांडीवर घ्यायचं आणि फोटोग्राफरला हाक मारायची.

सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, झाली, बिशपांनी झेंडा फडकवला, माजी विद्यार्थी एकमेकांच्या टकलांना हसून झाले. दुपारी शपथ होती, बालसुरक्षेची. सगळ्यांना वाटलं, नेहमीप्रमाणं पोरांना रांगेत उभं करून हात पुढं करायला लावतील. सिस्टर माईकवर म्हणाल्या, "पोरांनो, खाली बसा. सुरक्षित राहायचं काम पोरांचं न्हाई, ठेवायचं काम मोठ्यांचं हाय. मोठे उठा." मग मंडपातले शिक्षक, पालक, व्हॅनवाले, बिशप आणि आमचे काका, सगळे हात पुढं करून उभे राहिले. "मी कोणत्याही बालकाला त्याच्या मर्जीविरुद्ध स्पर्श करणार नाही. त्याला गुपित ठेवायला सांगणार नाही. ते 'नाही' म्हणालं तर मी थांबेन." पोरं खाली बसून आमच्याकडं अशी टक लावून बघत होती, की माझा हात आपोआप ताठ झाला.

लगेच गुलाबाचा कार्यक्रम. सम्यकानं फूल दिलं. काकांचे हात सवयीनं पसरले. "ये गं, काकाकडं ये!" सम्यका एक पाऊल मागं सरली आणि तळहात पुढं करून म्हणाली, "तुम्ही पुसलं न्हाई."

माईक चालू होता.

मला माझी खुर्ची, मिलमधली, डोळ्यांपुढून तरंगत जाताना दिसली. आता सिस्टर हसून सावरून घेतील, 'लहान आहे' म्हणतील, म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. त्या काकांना म्हणाल्या, "पुसा की."

काकांनी पसरलेले हात मागं घेतले. "उचलू का तुला?"

सम्यकानं खरंच विचार केला. मग म्हणाली, "न्हाई."

"न्हाई म्हणाली," सिस्टर माईकवर म्हणाल्या, जणू सभेत ठराव मंजूर झाला. "शपथ पहिल्यांदा कामाला आली. टाळ्या वाजवा." आधी पोरांनी वाजवल्या. काका हसले, पण जेवायला थांबले नाहीत.

पुढचे काही दिवस मी मिलमध्ये तुरीच्या पोत्यांच्या आडोशानंच वावरलो. एक दिवस काकांनी बोलावलंच. म्हणाले, "काल नातवाची पप्पी घेतली रे. त्यानं लगेच बाहीनं गाल पुसला." मग पेन फिरवत म्हणाले, "रोजच पुसत असंल का?"

यंदा सिस्टरची बदली झाली. निरोपाला आम्ही तिघं गेलो. त्या सम्यकापुढं वाकल्या. "मिठी मारू का गं?" ती "हाव" म्हणाली आणि मग बराच वेळ सोडेचना. मला म्हणाल्या, "भाऊ, आता तरी पोरीला बाबा म्हणायला शिकवा. माझ्यामागून नवीन सिस्टर येऊन राहिली. परत उन्हात उभे राहाल."

त्या रात्री जेवणं झाली. मी बायकोला म्हणालो, "आपली पोर पण काय धीट! भर मंडपात न्हाई म्हणाली." बायको भांडी आवरत होती. म्हणाली, "मला बघायला तुम्ही जीपभर माणसं आला होता. चहा घेतला, पोहे घेतले, नापसंत करायला काय जागा न्हाई म्हणाला. मला पुसलं होतं का कुणी?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न आपल्याला कसा पडला नाही, याचं मलाच नवल वाटलं. भीत भीत म्हणालो, "मग... आता पुसू का?"

तिनं हातातलं ओलं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं. म्हणाली, "आधी ओटा पुसा. मग मला पुसा."