कॉफीच्या बाटलीतलं मीठ

दुधात पाणी आहे की नाही, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. डेअरीच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते. रोज सकाळी दुधाचे नमुने आणि त्यांच्यामागे उभे असलेले साळसूद चेहरे बघितले की माणूस संशयी होतोच. घरी मी अंडंसुद्धा थेट भांड्यात फोडत नाही. आधी वाटीत फोडायचं, वास घ्यायचा, मग भांड्यात. मुलगी म्हणायची, "आई, तू प्रसादाचाही वास घेशील." घेते. शिरा करपला असेल तर कळायला नको?

तेव्हा दर शनिवारी माझ्या मागे घरात काहीतरी चालतं, हा संशय मला लवकरच आला. काय चालतं, ते कळायला मात्र वेळ लागला.

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. मी, आयटीत नोकरी करणारी मुलगी आणि आमचे हे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पुढे काठी घेऊन चालता येऊ लागलं, बोलणंही जड का होईना पण परत आलं. उजवा हात तेवढा आला नाही. आणि जेवण सुटलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "औषधं आपलं काम करतील. पण पोटात अन्न गेलं नाही, तर हे पुन्हा उभे राहायचे नाहीत." मी मऊ भात केला, खिमटी केली, दुधात पोळी कुस्करून दिली. भरवायला गेले की हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. चमचा ठेवला तर म्हणायचे, "मी काय तान्हं बाळ आहे?" शेवटी फर्मान निघालं. ताट खोलीत ठेवायचं, दार लावून घ्यायचं आणि बोलावल्याशिवाय आत यायचं नाही.

पूर्वी हा माणूस पानावर फार काटेकोर होता. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी कुठे, सगळं जागच्या जागी लागायचं. मुलगी लहानपणी चुकून डाव्या हाताने घास घ्यायला गेली की तिला पानावरून उठवायचे, मग ती कितीही रडो. आता तेच बंद दाराआड एकटे जेवत होते आणि ताट अर्धंअधिक भरलेलं परत येत होतं. जे परत येत नव्हतं तेही पोटात गेलं असेल याची मला खात्री नव्हती. आमच्या खिडकीखालची मांजर भलतीच गुबगुबीत झाली होती. एकदा खिडकीच्या गजाला पोळीचा तुकडा अडकलेला सापडला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशी माझी गत. फक्त कुत्र्याच्या जागी मांजर. ह्यांच्या पायजम्याची नाडी दर महिन्याला आणखी आवळावी लागत होती.

मला वाटायचं, राग माझ्यावर आहे. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती म्हणून मी नोकरी सोडून घरी बसले नाही, त्याचा. ते मला फार लागलं होतं. पण विचारायचं कुणाला आणि कसं?

शनिवारी मला कामावर जावं लागे, मुलीला सुट्टी असे. दुपारी ह्यांच्याजवळ तीच असायची. दिवाळीनंतर मला एकेक गोष्ट खटकायला लागली. शनिवारी संध्याकाळी घरात बटाट्याच्या काचऱ्यांचा वास असायचा आणि त्यावर उदबत्तीचा. आमच्याकडे उदबत्ती सकाळी देवापुढे लागते, संध्याकाळी नाही. तेलाची बरणी खाली गेलेली असायची. अंडी कमी झालेली असायची. पाहुण्यांसाठी शोकेसमध्ये ठेवलेला काटा एकदा भांड्यांच्या जाळीत वाळताना दिसला. आणि ओटा? ओटा इतका लख्ख की माझ्या मुलीने तो पुसला असेल यावर मी विश्वास ठेवणं शक्य नव्हतं.

"काय केलं होतंस?" मी विचारायची.

"ऑम्लेट."

जिच्या हातून चहासुद्धा करपतो, ती दर शनिवारी ऑम्लेट करते! ह्यांना विचारलं तर त्यांनीही ताकास तूर लागू दिली नाही. "भूक नाही. पोट भरलंय," एवढंच म्हणायचे. कशाने भरलंय, ते नाही.

पाणी कुठे मुरतंय हे मला दिसत होतं. कुणीतरी येत होतं. सोसायटीच्या वॉचमनला असलं काही विचारणं मला शोभलं नसतं. तरी दोनदा विचारलं. तो म्हणाला, लक्षात नाही. त्यालाही फितवलेलं असणार. कुणी मुलगा येतो याचं मला इतकं काही नव्हतं, माझी मुलगी तिशीला टेकली होती. पण आतल्या खोलीत बाप उपाशी आणि बाहेर त्या दोघांची मेजवानी, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मी डबा घेऊन बसमध्ये बसायची आणि वाटभर दात आवळून असायची.

मग एके दिवशी मुलीने स्वतःच विषय काढला. ऑफिसातला मुलगा आहे, हडपसरच्या शेतकरी घरातला. आता शेतात इमारती उभ्या आहेत, ते सोड. कंपनीने दोन वर्षं स्पेनला पाठवला होता. लग्न करायचं ठरतंय. "रविवारी येईल तो. आणि आई, जेवायला तोच करणार आहे. स्पॅनिश ऑम्लेट."

आमच्या वेळी मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायची. आता मुलगा होणाऱ्या सासूच्या स्वयंपाकघरात शिरून ऑम्लेट करणार. मी म्हटलं, करू दे. स्पेनला राहिला होता की नुसताच विमानतळावर उतरला होता, तेही कळेल.

रविवारी आला. उंच, सावळा, हातात बटाट्यांची पिशवी. वाकून नमस्कार केला. इतका व्यवस्थित केला की मला तोही संशयास्पद वाटला. हे आपल्या खोलीत होते, दार लोटलेलं. मी स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसले. मुलगी ओट्याशी त्याच्या हाताखाली.

"काकू, तुम्हाला काही शिकवायला नाही आलो," तो म्हणाला. "चुकलं तर सांगा."

"ते सांगणारच आहे."

त्याने बटाटे सोलले, पातळ काप केले. कांदा उभा चिरला. मग फ्रायपॅनमध्ये तेल ओतायला लागला, तो थांबेचना.

"हे परतणं आहे की तळण?"

"दोन्ही नाही, काकू. तेलात शिजवायचे. मंद. लाल नाही होऊ द्यायचे. तेल नंतर निथळून परत घ्यायचं."

बटाटे तेलात संथ बुडबुडत राहिले. तोवर त्याने अंडी घेतली. पहिलं अंडं वाटीत फोडलं, वास घेतला, मग भांड्यात ओतलं. दुसरंही तसंच. मला क्षणभर बरं वाटलं, चांगल्या वळणाचा दिसतोय. आणि लगेच मनात आलं, असं करणारं माझ्याशिवाय मी आजवर कुणी पाहिलेलं नाही. हा कुठे शिकला?

मग त्याने मीठ घातलं. आमच्याकडे मीठ कॉफीच्या बाटलीत असतं आणि 'मीठ' लिहिलेल्या बरणीत खायचा सोडा. माझी मोठी बहीण इतकी वर्षं येते, पण दर वेळी चुकते. त्याने वर न बघता कॉफीची बाटली उचलली.

प्रयोगशाळेतली सवय, एका नमुन्यावर निकाल द्यायचा नाही.

काचऱ्या चाळणीत निथळल्या, फेटलेल्या अंड्यांत पडल्या, थोडा वेळ तशाच मुरल्या. हळद नाही, मिरची नाही, कोथिंबीर नाही. आजाऱ्याचं जेवण, मी मनात म्हटलं. मिश्रण पुन्हा पॅनमध्ये गेलं. कडा सुटल्या तसं त्याला उलटवायला मोठी ताटली हवी होती. ओट्याखालचा ताटल्यांचा ड्रॉवर अडकतो. तो आधी गुडघ्याने वर उचलायचा आणि मग ओढायचा, हे आम्हा तिघांनाच ठाऊक. त्याने गुडघा लावला आणि ओढला. ताटली पॅनवर पालथी घातली, एका झटक्यात सगळं उलटं केलं आणि ऑम्लेट अलगद परत पॅनमध्ये सोडलं. वरची बाजू सोनेरी आणि अखंड.

"छान," मी म्हटलं. "माझ्या घरात किती दिवसांपासून येतोयस?"

मुलीच्या हातातलं उलथनं खाली पडलं. तो मात्र माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "दिवाळीपासून, काकू. दर शनिवारी."

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. चोरून घरात शिरणाऱ्याला मी मुलगी देणार नाही, हे बोलले. मुलीला म्हटलं, "बाप आत वाळत चाललाय आणि तू बाहेर पार्ट्या करतेस?" आवाज बहुधा खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. मुलगी रडायला लागली, पण तोंडातून शब्द नाही. तोही गप्प. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून गप्प आहेत.

आतून काठीचा आवाज आला. हे बाहेर आले. झटक्यानंतर जेवणाच्या टेबलाशी ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते. आज खुर्ची ओढून बसले.

"त्यांना बोलू नकोस," ते म्हणाले. शब्द जड होते, पण एकेक कळत होता. "मी शपथ घातली होती. तुला सांगायचं नाही म्हणून."

"काय सांगायचं नाही?"

ते मुलाकडे बघून म्हणाले, "वाढ."

त्याने जाड तुकडा कापून बशीत ठेवला. हे सदऱ्याच्या खिशात हात घालून काहीतरी चाचपत होते. निघाला तो शोकेसमधला काटा. त्यांनी तो डाव्या हातात धरला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग काट्याने कोपरा तोडला आणि डाव्या हाताने घास तोंडात घातला.

"तिकडं समदे असंच खातात, काकू," मुलगा घाईघाईने म्हणाला. इतका वेळ जपलेली त्याची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "काटा डाव्याच हातात. तिकडची रीतच हाय ती. मी पहिल्यांदा आलो तवा असाच खात होतो, काका दारातून बघत हुते. म्हणले, मलाही दे."

मी खुर्चीत बसून राहिले. पोळी एका हाताने तोडायला उजवीच बोटं लागतात. भात कालवायला उजवाच हात. तो गेला होता. आणि डावा हात पानाला लावणं म्हणजे काय, हे ह्यांनीच तर मुलीला रडवून शिकवलं होतं. मग चमचा तरी कुठल्या हाताने धरायचा? तिच्यासमोर, माझ्यासमोर तो हात तोंडाकडे न्यायचा नाही म्हणून हा माणूस दार लावून बसत होता, आत एकट्यानेही त्या हाताने खाववेना म्हणून पोळ्या मांजरीला टाकत होता, नाडी आवळत होता. राग माझ्यावर नव्हताच. ती लाज होती. जगातल्या प्रत्येकावर मी संशय घेतला, फक्त हा एक मला आला नाही. मला त्यांचाही राग आला, स्वतःचाही आला आणि मोठ्याने रडू आलं.

हे खात होते. सावकाश, पण थांबत नव्हते. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी ती मुलाकडे सरकवली, आणखी हवंय म्हणून. किती महिन्यांत मी हे पाहिलं नव्हतं.

मी उठले, तोंड धुतलं आणि शोकेसमधून आणखी एक काटा काढला. त्यांच्यासमोर बसून तो डाव्या हातात धरला. पहिला तुकडा बशीबाहेर गेला, दुसरा पदरावर पडला. हे बघत होते. मग अर्ध्या तोंडाने, वाकडं, पण खरंखुरं हसले आणि टेबलावरून वाकून त्यांनी माझी बोटं काट्यावर नीट बसवून दिली.

"अंगठा वर," ते म्हणाले. "रेटू नकोस." तिसरा घास माझ्या तोंडात गेला.

मुलगा गॅसजवळ तसाच उभा होता. होकार आहे की नकार, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

"मीठ कमी आहे," मी त्याला म्हटलं. "येत्या शनिवारी मी रजा टाकतेय. बेल वाजवून ये."