कैलासवासी पाळणे

रिकामा पाळणा कुठे दिसला की कल्याणची ती घटना आजही डोळ्यांपुढे उभी राहते. मी तोंड उघडलं की आमची मुलं ताटावरून उठू लागतात. "बाबांचे पाळणे सुरू झाले," म्हणतात. नोकरीत मी दरोडेखोर पकडले, एक खुनी पकडला. पण घरच्यांच्या लेखी मी पाळण्यांचा फौजदार. घरात कोणी ऐकत नाही म्हणून इथे लिहितो. नावं मात्र कोणाचीच देणार नाही.

स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी कल्याणच्या पोलीस ठाण्यात नवा फौजदार. वय कोवळं, मिशा जून. त्या काळी ठाणे शहरापासून कल्याणपर्यंतच्या काही खात्यापित्या लोकांनी मिळून एक मदत मंडळ काढलं होतं. भातगिरणीवाले, मिठागरवाले, दोन-चार वकील. मंडळ स्वतः काही चालवत नसे. जे चांगलं काम चालवत असतील त्यांच्या पाठीशी उभं राही. कोपरीतला बायकांचा शिवणवर्ग, डोंबिवलीचं वाचनालय, आमच्याकडची तालीम आणि सूतिकागृह, सगळ्यांना मंडळाचाच आधार. कोणाचं घर जळालं तर कौलंही मंडळ देई.

फक्त एक रीत होती. दिलेल्या प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव ऑइलपेंटने घालायचं. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.' शिवणयंत्रावर कै., पुस्तकांच्या कपाटावर कै. तालमीतल्या मुद्गलांवरसुद्धा कै.; पहिलवान रोज सकाळी कोणाच्या तरी आजोबांना डोक्याभोवती गरगर फिरवत. लोक हसत आणि सोडून देत.

मंडळाचे अध्यक्ष एका भातगिरणीचे मालक होते. सगळे त्यांना काका म्हणत. एका दुपारी ते ठाण्यात आले. मी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"सूतिकागृहातल्या पाळण्यांवरचं माझ्या लेकीचं नाव कोणीतरी खरवडून काढलंय," ते म्हणाले. त्यांची एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. तिच्या नावाने काकांनी सूतिकागृहाला खाटा, कपाटं आणि पाळणे दिले होते. "फौजदार, माझी पोर दुसऱ्यांदा मारली हो. गुन्हेगार हाती लागेपर्यंत मंडळाची मदत बंद. औषधं, दूध, नर्सबाईंचा पगार, सगळं बंद."

खरं तर असली किरकोळ नुकसानीची तक्रार आम्ही डायरीत नोंदवून कोर्टाकडे बोट दाखवायचो. पण काकांचं वजन मोठं, आणि मदत थांबली तर गावातल्या गरीब बाळंतिणींनी जायचं कुठे? मी तपास हाती घेतला.

खबर लगेच आली. मंडळाचे चिटणीस स्वतःच येऊन कुजबुजले, "नर्सबाईंचंच काम. परवाच काकांच्या तोंडावर म्हणाल्या, पाळण्यांवरची नावं पुसा. उद्धट बाई!"

मी पंच घेऊन सूतिकागृहात गेलो. पंचनाम्यात तीन गोष्टी आल्या. खाटांवरची, कपाटांवरची नावं शाबूत होती. फक्त पाळण्यांवरची गेली होती. खरवडलेली जागा घासून गुळगुळीत केलेली होती. आणि तिथे खोबरेल लावलेलं होतं. एक सोडून सगळ्या पाळण्यांत बाळं झोपली होती. आमच्या हवालदाराने तो रिकामा पाळणा बघता बघता हलवला, तशी आयाबाई केवढ्याने ओरडली, "अहो, रिकामा पाळणा हलवू नका! पोलीस झालात म्हणून काय झालं?" हवालदाराने हात असा मागे घेतला, जणू विस्तवच लागला.

जवळच्या खाटेवर मिठागरावर काम करणारी एक आगरी बाई होती. ती बोलली. "सायेब, मेले बायचे पालन्यान पोर कसा घालाचा? कोन घालील? आमी पोरा खाली जमिनीवं निजवाचो. मंग त्या कोपऱ्यानचे बायचे पोराला इंचू चावला. पालना हातभर लांब होता, रिकामा." एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. हा विंचू पंचनाम्यात कुठल्या रकान्यात घालायचा, मला कळेना.

नर्सबाईंना ठाण्यात बोलावलं. धाक म्हणून टेबलावर रूळ ठेवला. तो घरंगळून खाली पडला आणि त्यांनीच उचलून माझ्या हातात दिला.

"नावं तुम्ही खरवडलीत?"

"नाही."

"मग कोणी?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे ठाऊक आहे!"

"साहेब, बाळंतिणीच्या खोलीतलं मी बाहेर बोलत नाही. तुम्ही मला खुशाल आत टाका. पण दोघी अडलेल्या आहेत. त्या मोकळ्या होऊ द्या, मग टाका."

यावर काय बोलावं हे शिकवणारं पुस्तक आमच्या ट्रेनिंगात नव्हतं. मी त्यांना जाऊ दिलं. संध्याकाळी, पगार देणाऱ्या मंडळाने त्यांना कामावरून दूर केल्याचं कळलं.

घरी येऊन जेवायला बसलो. आमच्या मंडळींना तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते. माहेर लांब, म्हणून नाव त्याच सूतिकागृहात घातलेलं. भाकरी वाढता वाढता तिने सगळं काढून घेतलं.

"अहो, खोडी काढणारा कधी लाकडाला तेल लावतो?"

"म्हणजे?"

"लाकडाची कूस लागू नये म्हणून लावलंय ते. बाळाच्या अंगाला. हे ज्याने केलं त्याला त्या नावाचा राग नाही हो. तुम्ही राग शोधताय."

मी नेहमीप्रमाणे अर्धंच ऐकलं. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की सूतिकागृहात बाहेरून नेमाने कोण येतं? काकांची बायको. दर गुरुवारी काकू अळिवाचे लाडू घेऊन बाळंतिणींकडे जात. त्यांनी नर्सबाईंच्या हातात पातं-बितं पाहिलं असेल तर साक्ष पक्की. मिशांना पीळ देऊन सकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

काका झोपाळ्यावर बसले होते. काकू चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "नर्सबाईंजवळ काही हत्यार बघितलंत? ती जागा घासून वर खोबरेल लावलंय."

"ते खोबरेल आमच्या घरचं," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, चोरीला गेलं. तेही मी कागदावर लिहायला घेतलं!

"लिहू नका, ऐका. विळीही आमच्या घरचीच. त्या बाईंनी मला अडवलं होतं, म्हणाल्या, काकांना विचारा. मी म्हटलं, विचारून झालंय."

झोपाळा थांबला. काका म्हणाले, "तू? तिचं नाव?"

"विंचवाने मेलेलं ते पोर मी मांडीवर घेऊन बसले होते. आपल्या लेकीला तिचं मूल बघायला मिळालं नाही. तिच्या नावापायी दुसरीचं जायला नको. मला तिचं नाव वाचायला लाकूड लागत नाही. तुम्हाला लागत असेल तर कपाटावर आहे."

मी चहा तसाच ठेवून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा, गुन्हा उघडकीला आला म्हणून तोंड लपवावंसं वाटलं.

काकांनी तक्रार मागे घेतली आणि मदत पुन्हा सुरू झाली. पण त्यांनी अध्यक्षपद सोडलं, आणि त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं ते काका असेपर्यंत, असं गावात म्हणत. नर्सबाईंना परत बोलवा म्हणून मी चिटणिसांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला? नवीन नेमली." त्या कोकणात आपल्या गावी गेल्या एवढंच समजलं. खरं-खोटं शोधण्यापुरता माझा हुकूम चालायचा. झालेलं सावरण्यापुरता नाही.

त्या तपासाने मला एक शिकवलं. देणाऱ्याचं दुःख खरं असतं, घेणाऱ्याची भीतीही खरी असते, आणि मधे ऑइलपेंटचा ब्रश घेऊन कोणीतरी उभा असतो. पुढे कुठल्याही तक्रारीत मी 'कोणी मोडलं' याच्या आधी 'मोडलेल्या जागेचं पुढे काय केलं' ते बघू लागलो.

आमची धाकटी त्याच सूतिकागृहात झाली. तिला पाळण्यात घालण्याआधी हिने त्या खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. कूस कुठेच नव्हती. खोलीत तेव्हा काकू होत्या, लाडवांचा डबा घेऊन उभ्या. हिने बाळ काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुम्हीच घाला."

काकूंनी तिला पाळण्यात ठेवलं, दोरी हातात घेतली, आणि ओठांतल्या ओठांत एक नाव घेतलं. ते आमच्या मुलीचं नव्हतं. तिचं बारसं अजून व्हायचं होतं.