कार्बनचा ब्रश

माझे यजमान कोराडीच्या वीज केंद्रात होते. जनरेटरच्या फिरत्या रिंगवर टेकलेले कार्बनचे ठोकळे, म्हणजे ब्रश, झिजले की बदलायचे, हे त्यांचं काम. झिजलेले तुकडे ते खिशात घालून घरी आणायचे आणि मी ते आमच्या कॉलेजात दाखवायला न्यायची, कारण ते ग्रॅफाइटचे असत.

तुकडा कागदावर ओढून मी मुलींना सांगायची, हिरासुद्धा कार्बनच. पण हिऱ्यात प्रत्येक अणूला चार शेजारी घट्ट धरून असतात. ग्रॅफाइटमध्ये तीनच, तेही एकाच थरातले. एक थर दुसऱ्यावर नुसता टेकलेला असतो. घासलं की निसटतो.

"मॅडम, मग ब्रश कडक काहून नाही बनवत?" एकीनं विचारलं.

"कडक ब्रश रिंगलाच खाईल. ब्रशनं झिजायचं असतं," मी म्हणाले. वर्ग हसला, मीही हसले.

त्या उन्हाळ्यात यजमान खंगत गेले. खोकला, ताप, तरी ड्यूटीची बस चुकवायची नाही. मी ओरडले की म्हणायचे, "मी नाही गेलो त मशीन कोण पाहीन वं?"

कोण पाहील! ते वारले आणि आठवड्याच्या आत त्यांच्या जागेवर दुसरा माणूस होता.

त्यांना तिरडीवर ठेवायला उचललं, तेव्हा वर छताचा पंखा गरगरत होता. त्या मेल्या पंख्यानं एकदाही दम घेतला नाही.