वासूच्या खिडकीतलं पोळं

धाकटा भाऊ गेल्याची बातमी मला त्याच्या मुलाने जिन्याखालून ओरडून दिली. मैलापूरच्या आमच्या घरात मी वर राहतो, वासू खाली राहायचा. बाप गेल्याचं सांगायला जिना चढून यावं, एवढंही सुंदरला सुचलं नाही. तेव्हापासून तो ओरडतोच आहे.

वासू कॉलेजात किडे शिकवायचा. मी पाचवीत शाळा सोडली, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात लोखंड कापलं, आणि हा शिकलासवरलेला गृहस्थ जन्मभर खिडकीतल्या गांधीलमाश्यांच्या पाठीवर काडीने रंगाचे ठिपके देत बसला. कोण कुणाला चावते, कोण कुणापुढे मान खाली घालते... हे बघायचा पगार! आमच्या कारखान्यात फोरमन होता, तो मी फुकट दाखवला असता. शोकसभेत एका साहेबांनी वासूला थोर संशोधक म्हटलं. पुढची खुर्ची मिळाली नाही म्हणून तेच साहेब आधी दारात रुसून उभे होते. त्यापेक्षा माश्या बऱ्या.

आम्हा तंजावरकडच्यांच्या घरात थोरल्याचं पान आधी मांडतात. त्याने घास घेतल्याशिवाय कुणी भाताला हात लावत नाही. मी हे कधी मोडू दिलं नाही. वासू पानावर बसला की चिडवायचा, "अण्णा, वरची माशी खालच्या माशीच्या तोंडातला घास काढून घेते, ठाऊक आहे?"

"मग धाकटा कशाला झालास? जेव, सांबार निवतंय."

एकदा म्हणाला, राणी मेली की उरलेल्यांतली एक पिसाळते, दिसेल तिला झोडपते. मग तीच राणी होते आणि गप्प बसते. "या जातीत राज्य करणारी शांत असते, अण्णा. जी चावत सुटते, तिला ते अजून मिळायचं असतं." मी ताक मागितलं. असल्या गोष्टींनी कुणाचं पोट भरलंय?

तेरावा झाला आणि सुंदर पिसाळला. बायकोवर, ड्रायव्हरवर, गुरुजींवरसुद्धा. मग एक दिवस ऐन जेवणाच्या वेळी बांबूला रॉकेलचा बोळा बांधून बापाच्या खोलीत शिरला. पोळं जाळून त्या खिडकीत एसी बसवायचा होता त्याला. मी खुर्ची ओढली आणि खिडकीखाली ठाण मांडलं.

"पेरिअप्पा, उठा." थोरल्या काकाला इथली मुलं असंच म्हणतात. "घर आता मी बघतो."

"बापाचा तेरावा परवा झाला, आणि आज मालक? मी आहे तोवर या घरात पान माझं आधी पडतं."

"पानाचं काय घेऊन बसलात! चावतील तुम्हाला."

"तुझ्यापेक्षा कमीच."

वासूची बायको, सावित्री, दाराशी येऊन उभी राहिली. जन्मात तिचा आवाज मी चढलेला ऐकला नाही. "सुंदर, ते राहू दे. भावजी, उठा, पानं मांडलीत."

बस्स, एवढंच. सुंदरने बांबू भिंतीला टेकवला. मीही उठलो... कसा उठलो, कोण जाणे.

आत पाहतो तर सगळी पानं एकदम मांडलेली. माझं आधी नाही, त्याचंही नाही. तिने भात वाढला, आम्ही मुकाट्याने जेवलो.

एसी हॉलमध्ये लागला. वासूच्या खिडकीतल्या पोळ्यावर पाठीला पिवळा ठिपका असलेली एक माशी अजून दिसते. राणी आहे की चाकर, मला काय कळणार? कुणाला चावताना मात्र दिसली नाही... आणि मी रोज बघतो. बिनपगारी.