लांजा ते हातखंबा, एक माशी

केरू हवालदाराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी येऊन बसली ती शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या ओसरीवर, आणि त्या वेळी त्याचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते.

आता हवालदाराचे हात बांधायची छाती कोणाची, तर डॉक्टर सुरय्या मुकादम यांची. बाई अंगाने काडी, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. डोकं फिरलेल्या माणसाला न दुखवता कसं आणावं, हे शिकायला जिल्ह्यातले अठरा पोलीस तीन दिवसांसाठी त्यांच्याकडे पाठवलेले. केरूच्या चौकीत माणसं दोनच, त्यातल्या दुसऱ्याच्या घरी लग्न, म्हणून केरू. पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं, टोपी काढा, पट्टा काढा, त्याच्यापेक्षा खाली बसा. मागून कोणीतरी पुटपुटलं की मग नोकरीही त्यालाच द्या, आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी बाईंनी अठराही जणांचे हात बांधले, ओसरीवर ओळीने बसवलं आणि त्या चहाला निघून गेल्या.

मग माशी आली. केरूने मान झटकली, डोळा मिचकावला, ओठ वाकडा करून वर फुंकर मारली. माशी उडे आणि पुन्हा तिथेच येई. शेवटी न राहवून तो शेजारच्याला म्हणाला, “अरे, माशी.”

आणि हा शब्द तोंडातून गेला तसं केरूला आठवलं. असंच कोणीतरी त्याला एकदा म्हणालं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वरच्या वाडीतला शिवा, आंब्याची कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाप वारला त्या वर्षी त्याचं मन बिघडलं. रात्रंदिवस विहिरीशी बोले, जेवेना, आईला ओळखेना. वाडीने चौकीवर निरोप धाडला. केरू गेला आणि त्याला जे येत होतं ते त्याने केलं. खुंटीवरचा काथ्याचा दोर घेऊन शिवाला बांधला, मॅजिस्ट्रेटसमोर उभा करून कागद घेतला आणि लांज्याहून एस.टी.त बसवला. सगळी गाडी वळून वळून बघत होती. शिवा वाटभर एकच म्हणत होता, “केरूदादा, माशी. केरूदादा, माशी.” केरूने कागदावर नीट लिहिलं : माशांविषयी बडबडतो.

शिवा चार महिन्यांत बरा होऊन परत आला. पण त्याची आई सखूकाकी, ती काही केरूला विसरली नाही. आपल्याकडे घरापुढच्या खळ्यात कोणीही येवो, अगदी रस्ता चुकलेला का असेना, त्याच्यापुढे गूळ-पाणी ठेवल्याशिवाय त्याचं नाव विचारत नाहीत. केरू मात्र त्या घरावरून गेला की सखूकाकी पाठ करून उभी राही. बोलत काहीच नसे. शिव्या दिल्या असत्या तर केरूला जेवण गेलं असतं. ती पाठ त्याला चार वर्षं खात होती.

तर ओसरीवर बाई परत आल्या, दोऱ्या सोडल्या आणि कोणाला काय वाटलं म्हणून विचारू लागल्या. केरू एवढंच म्हणाला की बाई, ती माशी खरी होती. बाईंना काही कळलं नाही. पण त्यांनी मान हलवली.

चौकीत परतल्यावर केरूने पहिलं काम केलं, खुंटीवरचा तो दोर मागच्या विहिरीच्या बादलीला बांधून टाकला.

काजू उतरायच्या दिवसांत पुन्हा निरोप आला. शिवाने आईला घराबाहेर काढलंय, कोयता घेऊन दारात बसलाय, दोन दिवस अन्न नाही. केरू पोचला तेव्हा खळ्याभोवतीच्या दगडी गडग्यापाशी सगळी वाडी जमलेली आणि पोलीस पाटील बाबल्या गुरांचं दावं घेऊन तयार. सखूकाकी खळ्याच्या तोंडाशी आडवी उभी होती. या वेळी तिने पाठ केली नाही.

“दोर कुठाय तुझा?” तिने विचारलं.

केरूने कमरेचा पट्टा सोडला आणि तिच्या हातात दिला. टोपी पिशवीत घातली. बाबल्याला म्हणाला की माणसं घेऊन काजू वेचायला जा, इथे तमाशा नाही. माणसं गेली ती गडग्यापलीकडे, पण निदान गप्प राहिली. मग केरू वहाणा काढून तापलेल्या खळ्यात मांडी घालून बसला. शिवा वर पायरीवर, हा खाली.

“शिवा, लांबून आलोय बाबा. पाणी देशील काय?”

कोयत्याचं पातं तेवढं हललं. ऊन टाळूवर आलं, सदरा भिजला, तरी केरू बसून राहिला. पुढे होऊन झडप घालावी असं एकदा त्याच्या मनात आलं, कारण अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढलेल्या हाताला तीच सवय. त्याने दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “त्या दिवशी गाडीत तू माशी म्हणत होतास. मला वाटलं, भलतंच बोलतोस. माशी खरी होती, शिवा. मी हाकलायला हवी होती.”

शिवाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. वाडीला वाटलं, आता उठतो. तो उठलाच नाही. आठवून आठवून बोलला.

“डाव्या डोळ्यात बसलेली. लांज्याला आली. पालीला उडाली. हातखंब्याला परत आली.”

“चुकलं माझं,” केरू म्हणाला.

शिवा आत गेला. कळशी वाजली. बाहेर आला तेव्हा एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्यात गुळाचा खडा, आणि तिसरा हात देवाने माणसाला दिलेला नाही. कोयता आत चुलीपाशी राहिला होता.

केरू पाणी वरून, सावकाश, तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायला. मग विचारलं, रत्नागिरीच्या बाईंना भेटायला जाऊया काय, दोघं मिळून. शिवा म्हणाला, दोर नको. केरू म्हणाला, दोर विहिरीला लावलाय. शिवाने ट्रंकेतला इस्त्रीचा सदरा काढून घातला.

एस.टी.त कंडक्टर गोंधळला. एक माणूस नीटनेटका, भांग पाडलेला, खिडकीपाशी शांत. दुसरा घामाने थबथबलेला, बिनपट्ट्याची खाकी विजार एका हाताने वर धरून बसलेला. कंडक्टरने शिवाच्या कानाशी लागून विचारलं, यांना कुठं नेताय?

“रत्नागिरीला,” शिवा म्हणाला. “त्रास देत नाहीत.”

केरू पुढे वीस वर्षं हे सांगताना इथे हसून हसून खोकत असे. खोकला थांबला की सांगे, पालीच्या पुढे खरोखरच एक माशी आली होती, आणि ती त्याने टोपीने हाकलली.

पट्टा मात्र सखूकाकीच्या हातात राहिला तो राहिलाच. फौजदारांनी दोनदा झापलं. शिवाला सोडायला म्हणून दीड महिन्याने केरू त्या घरी गेला, तेव्हा पट्टा आतल्या खुंटीवर दिसला. खोबरेल तेल चोळून लखलखीत केलेला. बक्कलही चिंचेने घासलेलं. केरूने संकोचत तिकडे हात केला.

“बस आधी,” सखूकाकी म्हणाली आणि तांब्या पुढे ठेवला. “पाणी पी. पट्टा मग.”