आबांनी मला थांबवलं होतं

साइटवर नवा इंजिनिअर आला की आबा त्याच्या हातात पाण्यानं भरलेली बादली द्यायचे आणि हात सरळ पुढे धरायला लावायचे. मलाही लावलं. सळई बांधणारा सत्तरीतला म्हातारा, पांढरी टोपी, आणि मी नंदुरबारहून डिप्लोमा करून आलेली. मला असा राग आला म्हणता! पण मिनिटभरातच हात थरथरायला लागला.

"कोठे दुखी ऱ्हायनं, माय?" आबांनी विचारलं.

"खांद्यावर. वरच्या बाजूला."

"मंग गॅलरीनी सळई बी तठेच. वर. खाले ठेवशी ते तुटी जाई."

बेंडिंग मोमेंटच्या, म्हणजे वाकवणाऱ्या जोराच्या, आकृत्या काढून काढून मी वह्या भरल्या होत्या. तो मोमेंट माझ्या स्वतःच्या खांद्यात असतो हे मला आबांनी दाखवलं. शिअर फोर्सचं, म्हणजे कातरणाऱ्या जोराचंही तसंच. बीममधल्या सळईच्या रिंगा खांबाजवळ दाट का, असं मी मुद्दाम त्यांना विचारलं. म्हटलं, बघू याला काय येतं. ते कंबरेची चंची सोडून सुपारी कातरायला लागले. "मझारमा बीम वाकस. खांबजोडे कातरास," मध्ये वाकणं, खांबापाशी कातरणं, एवढंच बोलले आणि अडकित्ता माझ्यापुढे धरला.

त्यांची आणखी एक खोड होती. गॅलरीखालचे टेकू काढणं हे फळ्या-टेकू लावणाऱ्या सेंटरिंगवाल्यांचं काम, सळईवाल्याचं नव्हे. पण आबा त्या दिवशी हटकून यायचे, सगळ्यांना बाहेर काढायचे आणि बाहेरच्या कडेपासून भिंतीकडे एकेक टेकू स्वतः ढिला करायचे. "मी बांधेल शे, मीच खाले उभा ऱ्हासू," म्हणायचे. मी चिडवायचे, "आबा, एवढा स्वतःवर भरवसा?" ते नुसते हसायचे.

प्रकाशा या गावाजवळच्या एका खेड्यात केळीवाल्या गुजर पाटलांचं घर आम्ही बांधत होतो. वरच्या मजल्याला चार फूट पुढे आलेली गॅलरी. स्लॅब टाकायच्या दिवशी घमेली वाहणारी माणसं गॅलरीच्या सळयांच्या जाळीवरून ये-जा करत राहिली आणि वर बांधलेली सळई दबून पार खालच्या फळ्यांना टेकली. आबा माझ्याकडे आले.

"थांबाड, माय. जाळी खाले दबनी. दोन घंटा दे, मी उचलस."

मिक्सर सुरू होता. पाटील पेढे घेऊन उभे होते. आणि खरं सांगू? एक अंगठाबहाद्दर म्हातारा सगळ्यांसमोर मला थांब म्हणतोय, हेच मला झोंबलं. "चालतंय हो आबा," मी म्हणाले. "टाका रे माल." त्या दिवशी आबांनी साइटवरचा चहा घेतला नाही.

टेकू काढायच्या आदल्या दिवशी ते पुन्हा आले. गॅलरी तोडून टाक म्हणाले. तोडायची तर ठेकेदाराला सांगावं लागणार, माझी चूक कबूल करावी लागणार. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. सगळा हिशेब मांडून दाखवला, गॅलरी किती वजन पेलेल ते सांगितलं. आबांनी आकृतीतल्या सळईवर बोट ठेवलं.

"कागदमा सळई वर शे," ते म्हणाले. "गॅलरीमा शे का?"

मी कागदाची घडी घातली. 'नाही' एवढा एक शब्द पुरे होता हो!

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मलाही हाताला धरून अंगणात नेऊन उभं केलं. आता वाटतं, मी नाही थांबवणार हे त्यांनी ओळखलं होतं, आणि कुणीतरी खाली जाणारच तर आपण जाऊ असं ठरवलं होतं. बाहेरच्या कडेचे टेकू सुटले. मग भिंतीजवळ कडकड वाजलं आणि अख्खी गॅलरी आबांच्या अंगावर आली. आम्ही मलबा उपसून त्यांना बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

टेकू चुकीच्या क्रमानं काढले गेले, असा पोलिसांसाठीचा जबाब ठेकेदारानं लिहून आणला. जन्मभर ज्या माणसानं त्या क्रमात चूक केली नाही त्याच्याबद्दल! मी त्यावर सही केली. माझी नोकरी राहिली. आजही मी स्लॅबवर उभी असते, माणसांना जाळीवर पाय ठेवू देत नाही, नव्या पोरांच्या हातात बादली देते. ती म्हणतात, मॅडम कडक आहेत.

तेराव्याला मी आबांच्या घरी गेले होते. त्यांच्या बायकोनं मला जवळ बसवलं. "तूच का ती? मालक सांगेत, साइटवर एक पोर शे, मन्हं आयकस." मग हळूच विचारलं, "कागदमा लिखेल शे म्हणतस... खरंच मालक चुकनात का, माय?"

मी खाली मान घालून बसून राहिले. ती माऊली त्या गप्प बसण्याला हो समजली असणार.

आबा चुकले नव्हते. चुकले मी. हे लिहून भागणार नाही, कारण तिला वाचता येत नाही. उद्या सकाळी मी तिच्याकडे जाते आहे. तिथून पोलीस ठाण्यात.