कोऱ्या पाण्यातला पारा

प्रयोगशाळेत तिला सगळे सुई म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोकदार. तिला ते नाव आवडायचं.

तिची आई थर्मामीटरच्या कारखान्यात काचेच्या नळ्यांत पारा भरायची. आधी तिच्या बोटातली सोन्याची अंगठी पांढरी पडली. मग हात थरथरू लागले. मॅनेजर म्हणाला, "सोनाराने फसवलंय तुम्हाला. आणि चहा कमी प्या, बाई." थोड्याच दिवसांत आईला घरी बसवलं. आता ती कप दोन्ही हातांनी धरते, तरी चहा बशीत सांडतोच.

सुईने ते वाक्य जपून ठेवलं. शिकली, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. तिथे ती सोन्याच्या इवल्याशा पट्टीवर डीएनएचे धागे चिकटवायची. पाण्यात पारा असला की धागा त्याला कवेत घेऊन दुमडतो आणि पट्टीतली वीज बदलते. पाऱ्याने आईचं सोनं खाल्लं होतं. आता सोन्यानेच त्याला धरायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

त्याच कारखान्यामागच्या नाल्याची तक्रार आली, तेव्हा ती स्वतः जाऊन बाटली भरून आली. रीत अशी, की आधी कोरं शुद्ध पाणी तपासायचं, मग नमुना. तिला धीर धरवेना. तिने थेट नाल्याचं पाणी घातलं. पडद्यावरची रेघ सपकन घसरली. तिचे डोळे भरून आले.

मग तिने कोरं पाणी घातलं. रेघ तिथेही घसरली.

मोजणीला जोडीने लावायचा इलेक्ट्रोड जुना होता, पाऱ्याच्या क्षाराचा. त्याला चीर गेली होती. पारा तिथूनही गळत होता.

"पाठव की तसाच अहवाल," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "नाल्यात पारा आहे हे शेंबडं पोरही सांगेल. कोण बघतंय?"

"तो मॅनेजर बघेल. मला तो सुटायला नकोय गं."

तिने चांदीचा इलेक्ट्रोड लावला. नवी पट्टी, नवे धागे. कोऱ्या पाण्यात रेघ हलली नाही. नाल्याच्या पाण्यात हलली. आधीपेक्षा कमी, पण मर्यादेच्या कितीतरी पलीकडे.

सुनावणीला मॅनेजर आला. केस पिकलेले, तब्येत ठणठणीत. त्याने तिला ओळखलं नाही. चहा ढवळत म्हणाला, "बाई, तुमच्या यंत्रातच पारा असतो ना? आम्हीही चौकशी करून आलोय."

"असायचा." सुईने चांदीचा इलेक्ट्रोड लावलेलं यंत्र टेबलावर ठेवलं. "कोरं पाणी तुमचं तुम्ही घाला. मी हात लावत नाही."

त्याच्या माणसाने घातलं. रेघ सरळ राहिली. नाल्याचं घातलं, रेघ घसरली. मॅनेजरने कप उचलला. तो बशीवर वाजला.

"चहा कमी प्या, साहेब," सुई म्हणाली.

घरी आईने विचारलं, "काय म्हणाला?"

"कारखान्याला टाळं लागणार म्हटल्यावर पाणी मागत होता."

"दिलंस?"

"नाल्याचं उरलं होतं बाटलीत. हात गेला होता माझा."

आईने दोन्ही हातांनी कप उचलला. "मग?"

"मग काय? पुराव्याचं पाणी असं वाया घालवतात का?"